बलेनोत ख्याल ऐकायचा आहे : स्पीकर कोणते घ्यावेत आणि कसे बसवून घ्यावेत?

तिलकनगरवासी (इंदूर)

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे मारुती बलेनोचे जुने मॉडेल आहे. त्यात कंपनीचाच टचस्क्रीन स्टीरिओ आणि चार दारांत चार स्पीकर आहेत. गाडी मुख्यतः बाबा वापरतात. निवृत्तीनंतर त्यांचे देवास आणि उज्जैनला वरचेवर जाणे होते आणि अधूनमधून सेंधवा-धुळे मार्गाने नाशिकचा लांबचा प्रवासही असतो. गाडीतले त्यांचे ऐकणे ठरलेले आहे : उस्ताद अमीर खाँ, कुमार गंधर्व आणि काही जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे, जी मी त्यांना पेनड्राइव्हवर भरून दिली आहेत. घरातल्या साध्या स्पीकरवर हीच ध्वनिमुद्रणे भरीव वाटतात. गाडीत मात्र तानपुरा जवळजवळ नाहीसा होतो, बायाचा (तबल्याच्या डग्ग्याचा) घुमारा ऐकूच येत नाही, आणि आवाज वाढवावा तर तार सप्तकातला स्वर कानाला टोचतो व दाराचे पॅनेल थरथरू लागते.

चौकशीसाठी शहरातल्या कार-डेकोरच्या दुकानांत जाऊन आले. एका ठिकाणी मागच्या पार्सल ट्रेवर सहा बाय नऊ इंचांचे लंबगोल स्पीकर आणि डिक्कीत बास ट्यूब (खालच्या स्वरांसाठीचा नळकांड्याच्या आकाराचा स्पीकर) घ्या, असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी खोक्यावर ३५० वॅट लिहिलेला कंपोनंट सेट (ज्यात उंच स्वरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, वेगळा असतो) दाखवला आणि भिंतीवरच्या डेमो बोर्डावर ढोल असलेले गाणे मोठ्याने वाजवले. आमच्या पेनड्राइव्हवरचे गाणे लावा म्हटल्यावर, त्यावरून स्पीकरची ताकद कळत नाही, असे उत्तर मिळाले. आम्हाला ताकद नको आहे, विलंबित लयीतल्या गाण्यातला प्रत्येक स्वर शांतपणे ऐकू यायला हवा आहे, हे मी तिथे नीट पटवून देऊ शकले नाही.

आमचे बजेट वीस हजारांच्या आसपास आहे आणि डिक्की मोकळी राहायला हवी. कोएक्सियल (ज्यांत ट्वीटर मोठ्या स्पीकरच्याच मध्यभागी असतो) घ्यावेत की कंपोनंट, कंपनीचा स्टीरिओ ठेवून काम भागेल का, मागच्या स्पीकरवर खर्च करावा का, आणि वूफरशिवाय (खालच्या स्वरांच्या मोठ्या स्पीकरशिवाय) तानपुरा व बाया नीट ऐकू येतील का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तांब्याचीतार (सुदामानगर, इंदूर)

ताई, आपला प्रश्न फार चांगला आहे, कारण आपण काय ऐकायचे ते आधी ठरवले आहे. बहुतेक ग्राहक वॅट विचारतात आणि दुकानदारही त्याच भाषेत उत्तर देतो. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात काम करतो आणि मित्रमंडळींच्या गाड्यांमध्ये स्पीकर बसवून देत आलो आहे. त्यावरून माझे ठाम मत असे की, आपल्या वीस हजारांपैकी निदान एक तृतीयांश रक्कम दारांवर खर्च व्हायला हवी. स्पीकर कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

याचे कारण स्पीकरच्या बांधणीत आहे. शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. घरच्या स्पीकरमध्ये ही मागची लहर लाकडी पेटीत कोंडलेली असते. गाडीत ती पेटी म्हणजे दार. आपल्या दाराचे पॅड काढून पाहिलेत तर आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके दिसतील, ज्यांवर काळ्या चिकट दोरीसारख्या डिंकाने पातळ प्लास्टिक चिकटवलेले असते. मागची लहर त्या भोकांतून सरळ बाहेर येते, पुढच्या लहरीला भेटते आणि खालच्या स्वरांत दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. बाया आणि खर्जाची तार तिथेच हरवते. या दारात दहा हजारांचा स्पीकर बसवला, तरी तो तेवढेच हरवणार.

म्हणून पहिले काम डॅम्पिंग शीटचे, म्हणजे पत्र्याचा कंप मारणाऱ्या चिकट शीटचे. वर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि खाली ब्युटाइल रबर असलेली, साधारण दोन मिलिमीटर जाडीची शीट मागावी. स्वस्तात मिळणारी डांबराची शीट घेऊ नये. माळव्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत डांबर मऊ पडते, खाली घसरते आणि वासही येतो. बाहेरच्या पत्र्याला आतून शीट लावताना संपूर्ण पत्रा झाकण्याची गरज नसते. मधल्या सपाट भागावर पाव ते निम्मा पत्रा झाकला तरी कंप बराचसा मरतो. काम नीट झाले की नाही, हे बोटाच्या पेराने दारावर टकटक करून कळते : आधी टणटण वाजणारे दार नंतर ठप्प असा बसका आवाज देते. आतल्या पत्र्याची भोके मात्र सगळी बुजवायची. कामगाराने तिथे आळस केला, तर बाहेरच्या शीटचा उपयोग निम्म्यावर येतो. शीट चिकटवण्याआधी पत्रा स्पिरिटने पुसून घेतला पाहिजे आणि रोलरने दाबून शीटखालची हवा काढली पाहिजे. दुकानात गर्दी असेल तर ही पायरी हमखास गाळली जाते, म्हणून तिथे उभे राहून काम करून घ्यावे.

आता वॅट. खोक्यावरचे ३५० हे क्षणिक कमाल सामर्थ्य असते आणि त्याला व्यवहारात अर्थ नाही. आर.एम.एस., म्हणजे सतत टिकणारे, वॅट किती, एवढेच पाहावे. कंपनीच्या स्टीरिओवर किंवा बाजारातल्या स्टीरिओवर ५० गुणिले ४ असे लिहिलेले असते, तेही असेच. इंजिन चालू असताना गाडीचा विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. त्यातून ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात सैद्धांतिक कमाल २६ वॅटच्या आसपास मिळू शकतात, आणि प्रत्यक्षात पंधरा ते वीस मिळतात. आपला स्वर टोचतो तो बहुधा इथे. आवाज वाढवला की स्टीरिओची ताकद संपते, लहरीचे माथे छाटले जातात आणि त्या छाटलेल्या लहरीतून मूळ गाण्यात नसलेले वरचे स्वर तयार होतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर. एक वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल देणाऱ्या स्पीकरला, ८७ डेसिबलवाल्याच्या निम्मी ताकद पुरते. मात्र आकडा वाचताना तो एक वॅटला दिला आहे की २.८३ व्होल्टला, ते पाहावे. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट होतात, त्यामुळे तोच स्पीकर कागदावर ३ डेसिबलने सरस दिसतो. दुसरा उपाय म्हणजे एक छोटा चार चॅनेलचा अँप्लिफायर, चॅनेलला ४०-५० वॅट आर.एम.एस. देणारा, जो सीटखाली मावतो. स्पीकर-लेव्हल इनपुट (स्टीरिओकडून स्पीकरला जाणारी तारच थेट जोडण्याची सोय) असलेला घेतला तर कंपनीचा स्टीरिओ तसाच राहतो. आपल्या बजेटात दार, पुढचा कंपोनंट सेट आणि असा छोटा अँप्लिफायर बसू शकेल. मागच्या दारांतले कंपनीचे स्पीकर तसेच राहू द्यावेत आणि फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटण्याची सोय) पुढे सरकवून त्यांचा आवाज अगदी हळू ठेवावा. गाणे आपण समोर बसून ऐकतो.

अँप्लिफायर बसवणार असाल तर वायरिंगमध्ये तडजोड नको. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा, म्हणजे पुढे तार कुठे पत्र्यावर घासून उघडी पडली तर आग लागणार नाही. तार शुद्ध तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार सर्रास विकली जाते. तिचा एक धागा ब्लेडने खरवडला की आतून चंदेरी रंग दिसतो. अर्थिंगची तार रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळावी. ती सैल राहिली तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते, आणि तानपुऱ्याच्या गाण्यात ती असह्य होते.

कंपोनंट की कोएक्सियल, याचे उत्तर आपल्या बाबतीत कंपोनंट, कारण ट्वीटर वेगळा असल्याने तो वर बसवता येतो. दारातला स्पीकर गुडघ्याजवळ असतो आणि त्याच्याच मध्यभागी बसवलेल्या ट्वीटरचा आवाज पायांकडे जातो. ट्वीटर कापडी घुमटाचा घ्यावा. जुन्या मुद्रणांत टेपची सरसर असते आणि धातूच्या घुमटाचे अनेक स्वस्त ट्वीटर तिला आणखी पुढे आणतात. पुष्कळ सेटच्या क्रॉसओव्हरवर (उंच आणि खालचे स्वर वेगळे करून त्या त्या स्पीकरकडे पाठवणाऱ्या भागावर) ट्वीटर २ किंवा ३ डेसिबलने कमी करण्याची सोय असते, ती असलेला सेट निवडावा. अँप्लिफायरचा हाय-पास फिल्टर (ठरावीक पट्टीखालचे स्वर अडवणारी सोय) ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे दारातल्या स्पीकरवर अनावश्यक ताण येणार नाही.

षड्जपंचम (देवास)

वरचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. फक्त ८० हर्ट्झच्या सल्ल्याबद्दल मला वेगळे म्हणायचे आहे, कारण तो सल्ला मोठ्याने वाजवणाऱ्यांसाठी आणि डिक्कीत वूफर असणाऱ्यांसाठी आहे. ताईंकडे दोन्ही नाही.

पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला, तर मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास येतो, मंद्र पंचम १०४ च्या आसपास आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ च्या आसपास. उस्ताद अमीर खाँ यांची गायकी तर मंद्र सप्तकात रमणारी, अतिविलंबित झुमऱ्यात एकेका स्वरावर थांबणारी. ८० हर्ट्झवर दर सप्तकाला १२ डेसिबल उताराचा फिल्टर लावला तर ६९ हर्ट्झचा स्वर साधारण साडेचार डेसिबलने खाली जातो. खर्जाच्या तारेचे वरचे स्वरांश शाबूत राहतात, त्यामुळे कान षड्ज ओळखतो, पण त्या षड्जाचे अंग जाते. तानपुरा आहे हे कळते आणि तरी तो भरत नाही, अशी जी तक्रार पुष्कळ जण करतात, तिच्यामागे अनेकदा हेच असते.

माझ्या मते दार नीट बंद केल्यानंतर साडेसहा इंचांचा चांगला स्पीकर बेताच्या आवाजात ६०-६५ हर्ट्झपर्यंत समाधानकारक उतरतो. म्हणून फिल्टर ५० किंवा ५५ वर ठेवून पाहावे. ख्यालासाठी वूफरची गरज मला तरी कधी भासली नाही. बास ट्यूब तर मुळीच घेऊ नये. स्वस्त ट्यूब एका ठरावीक पट्टीतच घुमते, त्यामुळे बायावरची मींड सरकत जाण्याऐवजी प्रत्येक वेळी त्याच एका घुमाऱ्यावर येऊन आदळते.

तांब्याचीतार

ख्यालासाठी आपला मुद्दा मला मान्य आहे. एक अट मात्र लक्षात ठेवावी. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. घरातल्या तरुण मंडळींनी त्याच गाडीत ५० हर्ट्झच्या सेटिंगवर नाचाची गाणी मोठ्याने लावली, तर स्पीकर फाटू शकतो. फिल्टरचे बटण कुठे आहे ते घरात सर्वांना दाखवून ठेवावे.

मंद्रसाधना (राजेंद्रनगर, इंदूर)

मी गाणे शिकवते. तंत्राबद्दल वर पुरेसे आले आहे, म्हणून ऐकून पारख कशी करावी, एवढेच लिहिते.

आपल्या वडिलांच्या संग्रहातली बरीच मुद्रणे मोनो असतील, आणि स्पीकर बसवून झाल्यावर तपासणीसाठी मोनो मुद्रणाइतके उपयोगी साधन नाही. दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच ध्वनी जात असल्याने, जोडणी बरोबर असेल तर गायक समोर एकाच ठिकाणी बसलेला ऐकू यायला हवा. बॅलन्स मध्यावर ठेवा आणि दोन्ही सीटच्या मधोमध डोके आणून ऐका. आवाज काचेच्या मध्यावरून येत असेल तर ठीक. तो दोन्ही कानांच्या बाजूंना पसरल्यासारखा, ठावठिकाणा नसल्यासारखा वाटला आणि बाया अचानक पोकळ झाला, तर एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत असे समजावे. मिस्त्रीला एका स्पीकरच्या अधिक-उणे तारा अदलाबदल करायला सांगा आणि फरक तिथल्या तिथे ऐका. माझ्या गाडीत एका दुकानात बसवलेल्या स्पीकरची अशीच उलट जोडणी झाली होती आणि दुकानदार मला बास वाढवण्याचा सल्ला देत राहिला.

स्पीकर निवडताना आपलाच पेनड्राइव्ह वाजवण्याचा आग्रह अवश्य धरा. नकार देणाऱ्या दुकानातून खरेदी करू नये. ऐकताना तानांकडे लक्ष देऊ नका, तिथे कोणताही स्पीकर प्रभावी वाटतो. आलापातला एखादा लांब आकार घ्या आणि गायक मंद्र पंचमावरून षड्जापर्यंत येताना आवाजाची जाडी सलग राहते का, की मध्येच एखादा स्वर फुगतो, ते ऐका. मग हार्मोनियमकडे वळा. हार्मोनियम कर्कश वाटली तर तो ट्वीटर कितीही नामवंत कंपनीचा असला, तरी लांबच्या प्रवासात डोके दुखवेल. आवाज आपण गाडीत ठेवता तेवढाच ठेवायला सांगा. मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो आणि दोन सेटची तुलना तिथेच फसते.

शक्य असल्यास वडिलांनाच सोबत न्या. त्यांचा कान तयार आहे.

तिलकनगरवासी

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. पुढच्या दारांचे डॅम्पिंग, कापडी ट्वीटरचा कंपोनंट सेट आणि सीटखालचा छोटा अँप्लिफायर, असे नक्की करत आहे. बाबांना सोबत नेईन.

दोन शंका उरल्या आहेत. दाराची सगळी भोके बुजवल्यावर पावसाचे पाणी आत साचून पत्रा गंजणार नाही का? आणि दुकानदार ट्वीटर पुढच्या खांबाच्या प्लास्टिकमध्ये भोक पाडून बसवतो म्हणतो, तसेच कंपनीच्या तारा कापून नव्या जोडाव्या लागतील असेही म्हणतो. हे करू द्यावे का?

तांब्याचीतार

पाण्याची शंका रास्त आहे. काचेच्या रबरी पट्टीतून प्रत्येक दारात पाणी जातेच, ते तसे जावे असेच दार बनवलेले असते, आणि ते तळाच्या कडेला असलेल्या अरुंद फटींमधून बाहेर पडते. त्या फटींवर शीटचा तुकडा किंवा डिंक अजिबात येता कामा नये. आपण बुजवतो ती आतल्या पत्र्याची, प्रवाशाच्या बाजूची भोके. तिथून पाणी बाहेर काढायचे नसतेच, उलट ती बंद झाल्याने दाराचे पॅड कोरडे राहते. काम झाल्यावर काचेवर बादलीभर पाणी ओतून ते दाराच्या तळातून गळते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

पाण्याशी संबंधित दुसरी गोष्ट म्हणजे स्पीकरखालची रिंग. नवा स्पीकर कंपनीच्या स्पीकरपेक्षा खोल असतो आणि काच खाली आल्यावर त्याच्या चुंबकाला लागू शकते, म्हणून मध्ये रिंग घालतात. दुकानात ती बहुधा एम.डी.एफ.ची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) कापून देतात. एम.डी.एफ. ओल पिऊन फुगतो, स्क्रू सैल होतात आणि एक-दोन पावसाळ्यांत स्पीकर किणकिणू लागतो. रिंग प्लास्टिकची घ्यावी. एम.डी.एफ.शिवाय पर्याय नसेल, तर तिला सर्व बाजूंनी आणि स्क्रूच्या भोकांतही वॉर्निश देऊन पूर्ण वाळल्यावरच लावू द्यावी. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी हवी. पॅड परत लावण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून पाहायला विसरू नये.

खांबात भोक पाडू देऊ नये. ज्या गाड्यांत पडद्यासारख्या एअरबॅग असतात, त्यांत त्या छताच्या कडेने आणि पुढच्या खांबाच्या आवरणामागून गेलेल्या असतात. तिथे बसवलेला ट्वीटर किंवा ओढलेली तार एअरबॅगच्या वाटेत येते. आपल्या गाडीत त्या नसल्या तरी आवरण एकदा कापले की कापले. आरशामागच्या त्रिकोणी प्लास्टिकच्या तुकड्यावर ट्वीटर चांगला बसतो आणि तो तुकडा पुढे बदलता येतो. उजवा आणि डावा ट्वीटर चालकापासून वेगवेगळ्या अंतरावर असतात. ध्वनीला ३४ सेंटिमीटर जायला एक मिलिसेकंद लागतो आणि तेवढ्या फरकानेही गायक जवळच्या दाराकडे सरकलेला भासतो. आपल्या स्टीरिओत टाइम अलाइनमेंटची (जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडण्याची) सोय नसेल, तर चालकाच्या बाजूचा ट्वीटर शेजारच्या सीटकडे वळवून आणि बॅलन्स किंचित डावीकडे नेऊन बराच फरक पडतो.

तारा कापण्याची मुळीच गरज नाही. आपल्या गाडीच्या सॉकेटात बसणारे कपलर बाजारात तयार मिळतात. एका बाजूला कंपनीचे कपलर, दुसऱ्या बाजूला नव्या स्पीकरचे टोक. वॉरंटीचा वाद बहुतेक वेळा कापलेल्या तारांवरूनच उपस्थित होतो, आणि उद्या गाडी विकताना जुने स्पीकर परत बसवायचे झाल्यास कपलर काढले की काम होते. काढलेले स्पीकर आणि त्यांचे स्क्रू दुकानात सोडू नयेत, घरी घेऊन यावेत.